नळीचा खर्च

घरांतील कोणती वस्तु केव्हां झिजली असें मानावें आणि ती केव्हां बदलावी, हा प्रश्न संसार करणाऱ्या बाईपुढें नित्य उभा असतो. विळीचें पातें धार लावून लावून निम्में होतें, तरी ती हाताला बसलेली म्हणून आपण टाकीत नाहीं. जातें दगडाचें खरें, पण तेंहि गुळगुळीत होतें. मग त्याला टांकी लावावी लागते, आणि तो खर्च कोणाला अवाजवी वाटत नाहीं. कांहीं वस्तूंच्या बाबतींत मात्र आपली समजूत निराळी असते. तलवार, खंजीर, बंदूक यांपैकीं कांहीं घरांत असलें, तर तें वाडवडिलांचें, दसऱ्याला पूजावयाचें, न झिजणारें, असेंच आपण धरून चालतों. बंदुकीची नळीहि जात्याप्रमाणेंच झिजते आणि ती बदलावयाची म्हणजे लाखभर रुपये मोजावे लागतात, हें मला परदेशांत संसार मांडल्यावर कळलें. त्या खर्चावरून आमच्या दोन्हीं घरांत, इकडच्या आणि भोरच्या, बराच विचारविनिमय झाला. तो खाजगी असला, तरी त्यांतील प्रश्न आमच्यापुरताच नाहीं असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

माझें सासर भोरचें. नीरेच्या कांठीं वसलेलें हें गांव एके काळीं पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. गांवांतले जुने वाडे मात्र राहिले आणि त्या वाड्यांतून पैशापैशाचा हिशेब ठेवण्याची रीतहि राहिली. माहेर वेल्ह्याकडचें, तोरण्याच्या पायथ्याशीं. त्या तालुक्याचें नांव २०२४ सालीं सरकारनें राजगड असें ठरविलें, पण माझ्या तोंडीं अजून वेल्हेंच बसलें आहे. लग्नानंतर कांहीं वर्षांनीं आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत एका लहान गांवीं येऊन राहिलों. हे येथें डॉक्टर आहेत. पाऊस, धुकें, ओली माती आणि ढगांत बुडालेले डोंगरमाथे, हें सगळें मला माहेरची आठवण देणारें. भाताचीं खाचरें तेवढीं येथें नाहींत.

आमच्यासारख्या शाकाहारी घरांत बंदूक कशी आली, हें प्रथम सांगितलें पाहिजे. या मुलखांत हरणांना खाणारें जनावर आतां उरलें नाहीं. लांडगे कांहीं शतकांपूर्वींच नाहींसे झाले. लिंक्स नांवाचें मोठें रानमांजर त्याच्याहि आधीं गेलें. हरणांची संख्या मात्र वाढत राहिली. २०२० सालीं एका सरकारी समितीनें ती दहा लाखांपर्यंत असावी असा अंदाज दिला. हरणें कोंवळीं रोपें खातात. त्यामुळें म्हातारीं झाडें पडलीं तरी त्यांच्या जागीं नवीं उभीं राहत नाहींत, आणि एखादा हिवाळा कडक गेला म्हणजे तीं हरणेंच उपाशीं मरतात. आमच्या गांवकऱ्यांनीं मिळून एका उतारावर बर्च, रोवन आणि पाइन यांचीं रोपें लावलीं होतीं. पहिल्या दोन हिवाळ्यांत त्यांतलीं बहुतेक शेंड्यापासून कुरतडलीं गेलीं. कुंपण घालावें, तर त्याचा खर्च गांवाच्या ऐपतीबाहेरचा. तेव्हां ठरलेल्या मुदतींत कांहीं हरणें मारावयाचीं आणि तें काम चार-पांच जणांनीं पाळीपाळीनें करावयाचें, असा निर्णय सर्वांनीं बसून घेतला.

रोपें लावण्याला ज्यानें हात वर केला त्यानें पाळी नाकारूं नये, असें यांना वाटलें. एका वयस्क शेजाऱ्यानें दोन वर्षें बरोबर हिंडवून शिकविलें. पोलिसांनीं घरीं येऊन चौकशी केली, कपाट कसें आहे तें पाहिलें आणि पांच वर्षांच्या मुदतीचा परवाना दिला. त्यानंतर पॉइंट २४३ बोअरची एक नवी रायफल आमच्या घरांतल्या लोखंडी कपाटांत येऊन राहिली. ह्या गोष्टीला गेल्या वर्षीं आठ वर्षें झालीं. मांस आमच्या घरांत शिजत नाहीं. तें शेजारीपाजारीं जातें. माद्या मारण्याची मुदत २१ ऑक्टोबरपासून १५ फेब्रुवारीपर्यंत असते, आणि आमची दिवाळी बहुधा तींतच येते. त्या चार दिवसांत पाळी आली तर हे ती बदलून घेतात. एवढें सोवळें आम्हीं राखलें आहे.

गेल्या वर्षीं हिवाळ्याच्या तोंडाशीं नेम बिघडूं लागला. शंभर यार्डांवर कागदाचें निशाण लावून पांच गोळ्या झाडल्या, तर पूर्वीं त्या इंच-सव्वा इंचाच्या आंत पडत; आतां त्या चार-चार इंच विखुरूं लागल्या. यांनीं दुर्बीण तपासली, स्क्रू आवळले, नळी आंतून साफ केली, काडतुसें बदलून पाहिलीं. कशानेंहि फरक पडला नाहीं. शेवटीं बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे ती नेली. त्यानें टोंकाला दिवा आणि भिंग असलेली एक बारीक कांडी नळींत घातली आणि आंतला भाग आम्हांला पडद्यावर दाखविला. भाटघरच्या धरणाचें पाणी मे महिन्यांत हटलें म्हणजे वेळवंडीच्या कांठचा गाळ जसा भेगाळतो, अगदीं तसें तें पोलाद भेगाळलें होतें. बाहेरून नळीवर ओरखडासुद्धां नव्हता.

असें कां होतें, हें त्या गृहस्थानें सविस्तर समजावून दिलें. रायफलच्या नळींत मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांत रुतून, गरगर फिरत बाहेर पडते, म्हणून भोंवऱ्याप्रमाणें ती वाटेंत स्थिर राहते. या खाचा किती खोल? एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतले सुमारें तीन. काडतुसांतली दारू पेटली म्हणजे आंतला दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत चढतो, आणि काडतुसाचें घर संपून खाचा जेथें सुरू होतात त्या गळ्यावर तापलेल्या वायूचा झोत बसतो. गोळीला नळींतून बाहेर पडावयास सेकंदाच्या हजारांश भागाहून थोडाच अधिक वेळ लागतो. पण तेवढ्यांत पोलादाचा एक सूक्ष्म थर जळून जातो. यांच्या हातून वर्षाला तीनशेंच्या आसपास गोळ्या सुटत. त्यांतल्या बहुतेक सरावाच्या, कारण सरावावांचून जनावरावर नेम धरावयाचा नाहीं असा यांच्या गुरूचा दंडक. आठ वर्षांच्या मिळून चोवीसशें झाल्या. कारागीर हंसून म्हणाला, "तुमच्या नळीनें सारी मिळून तीन सेकंद नोकरी केली. आतां तिला पेन्शन द्या."

बाकी बंदूक धड होती. लांकडी दस्ता यांच्या खांद्याला बसलेला, चाप हलका, बोल्ट सुरळीत. बदलावयाची ती फक्त नळी. तिचा खर्च कारागिरानें कागदावर मांडून दिला, तो असा : नळी ३८० पौंड; जुनी काढून नवी बसविणें आणि तिच्यांत काडतुसाचें घर कापणें ३९० पौंड; परीक्षा ७० पौंड; गंजूं नये म्हणून पोलाद काळें करणें ६० पौंड; नेण्याआणण्याचा खर्च ४० पौंड. एकूण ९४० पौंड. आपल्या रुपयांत ही रक्कम लाखाच्या वर जाते.

मीं तो कागद दोनदां वाचला. हिशेबाची संवय असल्यामुळें माझ्या प्रथम लक्षांत आलें तें हें कीं, यांत पोलादाचे पैसे निम्म्याहून कमी आहेत. उरलेले कारागिराच्या हाताचे आणि खात्रीचे. काडतुसाचें घर कापतांना कांहीं हजारांश इंचाची चूक झाली, तरी काडतूस फाटून उलटा झोत नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येऊं शकतो. म्हणून नळी बसविल्यावर ती परीक्षागृहांत पाठवितात. तेथें नेहमींच्यापेक्षां सुमारें पाव पट अधिक दाबाचें काडतूस झाडून पाहतात, आणि त्यांतून ती निभावली तरच पोलादावर शिक्का उमटतो. लंडनच्या बंदूक करणाऱ्यांच्या संघाला या कामाची सनद १६३७ सालीं मिळाली. त्या वेळीं आपले शिवाजीमहाराज सात वर्षांचे होते. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालचें, म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वीं पांच वर्षांचें. शिक्का नसलेली बंदूक विकणें या देशांत गुन्हा आहे. सत्तर पौंड त्या शिक्क्याचे, आणि मला ते सर्वांत कमी टोंचले.

तरीहि लाख रुपये ते लाख रुपये. त्याच वर्षीं भोरच्या वाड्याचें काम निघालें होतें. माजघरावरचें आढें वाळवीनें पोखरलें होतें, कौलें उतरवून नवें लांकूड घालणें भाग होतें, आणि सर्व भावांनीं वांटणी करून आमच्याकडे दीड लाख रुपये ठरविले होते. पावसाळ्यापूर्वीं काम पुरें करावयाचें, असा मामंजींचा बेत. मीं पत्र घातलें कीं निम्मे पैसे आतां पाठवितों, निम्मे पुढच्या दिवाळीपर्यंत पोहोंचते करूं. आणि कारण लपविण्याजोगें नसल्यामुळें तेंहि लिहिलें.

मामंजी ब्याऐंशी वर्षांचे आहेत. उभा जन्म त्यांनीं शिक्षकाचें काम केलें. फोन घरांत असूनहि महत्त्वाचें कांहीं असलें म्हणजे ते पत्रच लिहितात. त्यांचें उत्तर आलें, तें असें :

"चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद. पत्र पावलें. एका नळीस लाख रुपये लागतात हें वाचून तुझ्या सासूबाईंनीं दोनदां विचारलें कीं, एक शून्य चुकून अधिक पडलें काय. आढ्याची चिंता करूं नका; एक पावसाळा तें टेकूवर निघेल. मला विचारावयाचें आहे तें पैशाविषयीं नाहीं. जनावर मारावयाचेंच, तर तें सुबकपणें मारलें काय आणि ओबडधोबड मारलें काय, पाप तेवढेंच. मग पापावर एवढा खर्च कां करावा? चिरंजीवांना हें विचारूं नको, ते रागावतील. तुझें मत कळव."

या पत्राला मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. मध्यंतरीं धाकट्या भाऊजींचा अमेरिकेंतून फोन आला. त्यांना सगळी हकीगत भोरहून समजली होती. "वहिनी, असली नळी इथें निम्म्या पैशांत मिळते. कोणी परवानासुद्धां विचारीत नाहीं. पुढच्या महिन्यांत येतोंच आहें, बॅगेंत घालून आणतों," असें ते म्हणाले. त्यांचें म्हणणें तेथल्यापुरतें खरें होतें. अमेरिकेच्या १९६८ सालच्या कायद्यानें बंदूक म्हणजे तिचा मधला सांगाडा, ज्यांत बोल्ट बसतो तो. नळी हा नुसता सुटा भाग. ब्रिटनमध्यें तसें नाहीं. येथें नळीहि बंदुकीइतकीच परवान्याखालीं येते. आपल्या हिंदुस्थानांतल्या १९५९ च्या शस्त्रकायद्यांतहि बंदुकीचे भाग हे बंदुकींतच धरले आहेत आणि नळी नुसती आंखूड करावयाची तरी परवाना लागतो. शिवाय नळी अमेरिकेबाहेर न्यावयास त्या सरकारची परवानगी, इकडे आणावयास इकडची, आणि दोन्हीं मिळाल्या तरी बसविणें आणि परीक्षा हा खर्च आहे तसाच. वांचणार फार तर दीडदोनशें पौंड, आणि बॅगेंत लपवून आणली तर डॉक्टरकी आणि परवाना दोन्हीं गमावण्याची पाळी. भाऊजींचा हेतु चांगला होता. त्यांना तेवढ्याच आपुलकीनें नको म्हणून सांगितलें. परदेशीं राहणाऱ्या माणसाला वस्तूची किंमत दुकानाच्या पाटीवर कळत नाहीं. ती वस्तु किती सरकारांच्या दारांवरून यावयाची, हें मोजल्यावर कळते.

राहिला मामंजींचा प्रश्न. त्याचें उत्तर शोधतांना माझें मन इकडच्या डोंगरांतून थेट वेल्ह्याला गेलें.

आमचीं भाताचीं खाचरें रानाला लागून होतीं. भात निसवून दाणा भरूं लागला म्हणजे रानडुकरें रात्रीं उतरत आणि वर्षाचें पीक एका रात्रींत लोळवून टाकीत. माळ्यावर बसून डबे बडविणें, शेकोट्या पेटविणें, हांका मारणें, हें सगळें होत असे. पण चार दिवसांनीं डुकरें डब्यालाहि भीत नसत. आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी बंदूक होती. तिचा कान, म्हणजे ज्या छिद्रांतून ठिणगी आंतल्या दारूपर्यंत जाते तो, जळून जळून रुंद झाला होता. बार उडाला कीं निम्मी आग त्या कानांतूनच वर निघे आणि पुढच्या शिशाला जोर राहात नसे. आंतून नळीला गंजाचे खवले धरले होते. पुण्यांतल्या एका कारागिरानें नळीच बदला म्हणून सांगितलें होतें. एका वर्षीं तेवढे पैसे घरांत नव्हते. दुसऱ्या वर्षीं होते, तर आत्याचें लग्न निघालें. बंदूक तशीच चालली.

मी नऊ वर्षांची असतांना एका रात्रीं आजोबांनीं बार टाकला. डुकराला लागलें, पण तें मेलें नाहीं. तें वरच्या करवंदीच्या जाळींत शिरलें. दोन रात्री तें ओरडत होतें. तो आवाज खालीं आमच्या ओटीपर्यंत येई. आजी देवापुढून उठली नाहीं. आजोबा पानावर बसत आणि तसेच उठत. अंधारांत त्या जाळींत जावयास कोणी धजेना, कारण जखमी डुकरासारखें भयंकर जनावर नाहीं. तिसऱ्या दिवशीं गडीमाणसें भाले आणि कुऱ्हाडी घेऊन गेलीं. त्यानंतर आजोबांनीं ती बंदूक हातीं धरली नाहीं, आणि त्या वर्षीं आमचें निम्में भात गेलें.

मीं मामंजींना हें सर्व लिहिलें. पुढें लिहिलें तें साधारण असें : "पापाचा हिशेब करण्याचा माझा अधिकार नाहीं. वेदनेचा हिशेब मात्र मला करतां येतो, कारण तो मीं कानांनीं ऐकला आहे. आजोबांच्या नळीचे जे पैसे आम्हीं दिले नाहींत, ते त्या जनावरानें दोन रात्री भरले. खर्च टळला नव्हता. देणारा बदलला होता. इकडे हरिणाच्या खांद्यामागें तळहाताएवढ्या जागेंत गोळी लागली तर तें थोड्याच क्षणांत कोसळतें; चार इंच इकडेतिकडे झालें तर तें पोटांत गोळी घेऊन डोंगरांत जातें. नव्या नळीचे लाख रुपये त्या चार इंचांचे आहेत."

हिशेबहि लिहून पाठविला, कारण मामंजींना हिशेबावांचून पत्र अपुरें वाटतें. नळी आठ वर्षें टिकली. दुसरीहि तितकीच टिकेल असें धरलें, तर ९४० पौंड म्हणजे महिन्याला दहा पौंडांच्या आंत. दर गोळीमागें एकोणचाळीस पेन्स. काडतूस स्वतः याच्या कितीतरी पट महाग पडतें. हौसेसाठीं हा खर्च भारी आहे. अंगावर घेतलेलें काम नीट करावयाचें, तर तो फार नाहीं.

आणखी एक गोष्ट लिहिली. मीं यांना सरळ विचारलें होतें कीं, पाळीच सोडून दिली तर? यांचें उत्तर असें : "सोडतां येईल. मग माझ्या वाट्याचीं हरणें दुसरा कोणी मारील आणि आपण हात धुऊन मोकळे, असें म्हणूं. पण मोडक्या नळीनें मी पाळी करणार नाहीं." आणि तसें त्यांनीं केलेंहि. नळी बदलेपर्यंत हे एकदांहि डोंगरावर गेले नाहींत. त्यांच्या पाळ्या दोघा शेजाऱ्यांनीं केल्या आणि त्यांचें ऋण आम्हांवर राहिलें.

हा प्रश्न केवळ परदेशांतला आहे असें कोणी समजूं नये. भोर-वेल्ह्याच्या खाचरांत डुकरें आजहि उतरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनें शिकार पूर्ण बंद झाली, आणि ती झाली हें योग्यच झालें. पिकाला उपद्रव देणाऱ्या कांहीं जातींच्या जनावराला मारण्याचा लेखी हुकूम अधिकारी देऊं शकतात, तशी त्या कायद्यांत तरतूद आहे; नुकसानीची भरपाईहि वनखात्याकडून मिळते. पण अर्ज, पंचनामा आणि हुकूम यांना दिवस लागतात, आणि डुकरें आज रात्रीं यावयाचीं असतात. मग कोठें कोणी शेताच्या बांधावर विजेची उघडी तार सोडतो, कोठें कोणी पिठाच्या गोळ्यांत स्फोटक दडवून ठेवतो. दोन्हीं गुन्हेच आहेत, आणि दोन्हीं स्वस्त आहेत. त्या स्वस्ताईची किंमत जबडा फुटलेलें जनावर देतें, आणि कित्येकदां पहाटे पाणी धरावयास गेलेला शेजारी किंवा घरचाच मुलगा त्या तारेला चिकटून देतो. शेतकऱ्याला दोष देणें सोपें आहे; त्याच्या हातीं दुसरें काय ठेवलें आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. कायदेशीर, नीट आणि वेदनारहित उपाय महाग असतो. तो खर्च एकट्या शेतकऱ्यानें सोसावा अशी अपेक्षा करून शहरांतल्या आपण मंडळींनीं भूतदयेचें श्रेय घ्यावें, हें मला न्यायाचें वाटत नाहीं.

मामंजींचें दुसरें पत्र पंधरा दिवसांनीं आलें. तें लहानच होतें :

"हिशेब तपासला, बरोबर आहे. हा पापावरचा खर्च नव्हे, पाप कमी करण्याचा आहे, असें तुझें म्हणणें दिसतें. तें मला सर्वस्वीं पटलें असें नाहीं. न मारणें हेंच बरें, असें मी अजून म्हणेन, आणि माझ्या वयाला दुसरें म्हणतां येत नाहीं. परंतु हत्यार ज्यानें हातीं धरलें त्यानें तें नीट असल्यावांचून उचलूं नये, इतकें मला पटलें. तुझ्या आजोबांविषयीं वाचून वाईट वाटलें. पानावरून उठून जाणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाहीं. आढ्याला दोन टेकू दिले आहेत. पैसे दिवाळीला पाठवा. व्याज आकारणार नाहीं."

नळी जानेवारीच्या अखेरीस शिक्का घेऊन परत आली. नवी नळी एकदम कामाला लावीत नाहींत. थोड्या गोळ्या झाडून, मधून मधून साफ करून, ती बसूं देतात. मग कागदावर पाहिलें, तर पांचहि गोळ्या रुपयाच्या नाण्याखालीं झांकतील अशा पडल्या. मुदत संपावयास दोन आठवडे उरले होते. तेवढ्यांत हे आपल्या राहिलेल्या पाळ्यांपैकीं दोन करून आले. मीं विचारलें नाहीं. यांनींच सांगितलें कीं, दोन्हीं वेळां दुसरी गोळी लागली नाहीं. त्या दिवशीं जेवण मुकाट्यानें झालें. जनावर मारून आलेल्या माणसाला आनंद झाला नाहीं, तर त्याला बरें वाटावें म्हणून आपण कांहीं बोलूं नये, असें मला वाटतें.

ज्या वाचकांच्या घरीं आजोबा-पणजोबांच्या वेळची बंदूक खुंटीवर किंवा पेटींत आहे, त्यांना यानिमित्तानें दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाहेरून तेल लावून चकचकीत ठेवलेली नळी आंतून कशी आहे, हें डोळ्यांना दिसत नाहीं. परवानाधारक कारागिराला ती दाखविल्याखेरीज तिच्यांत काडतूस घालूं नये. गंजानें पातळ झालेली नळी फुटली तर ती बार काढणाऱ्याच्या हातांत फुटते. आणि ज्यांच्या नांवावर परवाना होता ते आतां नसतील, तर वारसांनीं ती बंदूक पोलीस-ठाण्यांत किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे रीतसर जमा करावी. ती आपल्याकडे ठेवावयाची कीं नाहीं, तें परवान्याचा अर्ज करून मग ठरवितां येतें. माळ्यावर टाकून विसरून जाणें मात्र कायद्यालाहि धरून नाहीं आणि घरांतल्या मुलांच्याहि हिताचें नाहीं.

या दिवाळीला उरलेले पैसे भोरला पोहोंचले. नवें लांकूड चढलें, कौलें परत बसलीं. मामंजींनीं जुन्या आढ्याच्या एका तुकड्याचें छायाचित्र पाठविलें. बाहेरून तो तुकडा धड दिसत होता, आंत नुसता भुगा होता. माझ्या वहींत खर्चाचीं सदरें मामंजींनींच लग्नाच्या वर्षीं आंखून दिलेलीं आहेत : घरखर्च, औषधपाणी, शिक्षण, धर्मादाय, दुरुस्ती, चैन. नळीची रक्कम कोणत्या सदरांत घालावी, हें मला बरेच दिवस सुचत नव्हतें. आतां ती मीं दुरुस्तीच्या सदरांत, भोरच्या आढ्याच्या रकमेखालच्या ओळींत लिहिली आहे.